जांभळ्या रेघा

पुतळामावशीनं जे केलं ते मायेपोटी केलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणालाही तिला चार शिव्या घालाव्याशा वाटतील, आणि त्या रविवारी नेरूळच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तेवढ्या पुरेशा घालून झाल्या होत्या.

फेब्रुवारी महिना. सुचित्रा सकाळी मटण आणायला खाली उतरली होती. मोठे दीर जोतीराम दुपारी जेवायला येणार होते, लेकीच्या लग्नाची तारीख ठरवायला. सासूबाईंजवळ त्यांची धाकटी बहीण पुतळा होती, तळवलीहून आदल्याच दिवशी आलेली. म्हणून तर सुचित्रा निर्धास्तपणे अर्धा तास रांगेत उभी राहिली. परत येऊन बघते तर बाथरूमचं दार सताड उघडं, आत वाफ, आणि घरभर नारळाच्या तेलाचा वास. मावशी पदर खोचून सुंदराबाईंची पाठ चोळत होती. सुंदराबाई भिंतीला हात टेकून, डोळे मिटून उभ्या होत्या. तीन आठवड्यांत त्यांच्या चेहऱ्यावर एवढं सुख कुणी बघितलं नव्हतं.

"ये गो पोरी," मावशी म्हणाली. "बघ, कशी लख्ख केली तुजे सासूला. कंबरेवर काय घान व्हती! जांभली जांभली. साबनानं जाईना, मंग तांदलाचा पीठ लावून घासली."

सुचित्राच्या हातातली पिशवी खालीच सुटली.

"मावशी! अहो, काय केलंत हे!"

ती गुडघ्यांवर बसली आणि ओल्या अंगावर बोटं फिरवून शोधायला लागली. डाव्या खुब्याजवळ एक पुसट कोपरा राहिला होता. बाकी सगळं साफ.

त्या रेघा हॉस्पिटलच्या होत्या. खाडीपलीकडच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात सुंदराबाईंना रोज शेक द्यायचे. मशीनचे किरण नेमके कुठून आत जायचे, त्याची ती चौकट कंबरेवर आणि दोन्ही खुब्यांवर जांभळ्या शाईनं आखलेली होती. पाणी लावायचं नाही, तेल तर नाहीच नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलेलं. पंचवीस शेकांपैकी सतरा झाले होते, आठ राहिले होते. आणि हे सगळं सुचित्रानं घरात प्रत्येकाला सांगितलं होतं. फक्त कालच आलेल्या मावशीला सांगायचं राहून गेलं.

आता उत्तर तिलाच द्यावं लागणार होतं. कारण शेकाच्या फॉर्मवर सही तिची होती.

हे प्रकरण सुरू झालं दिवाळीनंतर. सुंदराबाईंना शौचावाटे रक्त पडायला लागलं, त्यांनी मूळव्याध म्हणून दोन महिने कुणाला सांगितलं नाही, आणि मग एका सर्जननं तपासून सांगितलं की गुदाशयात, अगदी खाली, कॅन्सरची गाठ आहे. तो सगळा भाग काढायचा, मार्ग शिवून बंद करायचा, आणि पोटावर भोक पाडून तिथं जन्मभर पिशवी. जोतीराम म्हणाले, उद्याच करा. सुंदराबाई म्हणाल्या, नाय.

आता सुंदराबाई 'नाय' म्हणाल्या की त्यांच्या शिरवणे गावात कुणाची बिशाद नव्हती. त्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात ब्राह्मण येतो तो नंतर. त्याच्याआधी मांडवात पाटावर बसून, धवला गाऊन, एकेका देवाला लग्नाला बोलावणारी बाई ती धवलारीण. चाळीस वर्षं त्यांनी शिरवण्यातली लग्नं लावली होती. जोतीरामचं लावलं, मधुकरचं, म्हणजे सुचित्राच्या नवऱ्याचं, लावलं. साताऱ्याकडची मास्तरीण सून म्हणून येताना सुचित्रा घाबरून गेली होती, तेव्हा ह्याच बाईनं तिच्या माहेरच्या देवांचीही नावं विचारून घेतली होती आणि मांडवात सगळ्यांदेखत त्यांना गाऊन बोलावलं होतं. ते सुचित्रा विसरली नव्हती.

"पिशवी लावून बाया शेतात राबतात, आई. सगळं करतात," तिनं समजावलं होतं.

"करू देत. त्यांना मी काय बोलंन? पन मना पाटाव बसून पाच-पाच तास देव बोलवाचं. मांडवात माजा ध्यान देवावं पायजे, पिशवीवं नको. मेले तरी चालंल."

मग सुचित्रानंच ते खाडीपलीकडचं हॉस्पिटल शोधलं. तिथले डॉक्टर श्यामसुंदर फारसे हसत नसत. ते म्हणाले, गाठ लहान आहे. शेक आणि सोबत सलाइनमधून औषध, असं पाच आठवडे दिलं तर कधी कधी ती पूर्ण विरते. कधी कधी. खात्री नाही. हा रुळलेला रस्ता नाही. रुळलेला रस्ता ऑपरेशनचाच. आणि नाही विरली, तर मग ऑपरेशन, तेव्हा 'नको' म्हणायचं नाही. कबूल? सुंदराबाईंनी मान हलवली. जोतीरामनी फॉर्मवर सही करायला नकार दिला, मधुकर पेन हातात धरून फॉर्म परत परत वाचत बसला, आणि सुचित्रानं पेन ओढून घेतलं. धाकटी सून, परजातीतली, परगावची. बाईंचं काही बरंवाईट झालं असतं तर घरदार तिच्याकडेच बोट दाखवणार होतं.

जोतीराम आले ते लेकीला, श्रुतीला घेऊन. दारातच त्यांना चेहरे दिसले. मावशी कोपऱ्यात बसून पदरानं डोळे पुसत होती, मधुकर येरझाऱ्या घालत होता, आणि सुंदराबाई दिवाणावर कुशीवर पडल्या होत्या. बसणं त्यांना जमतच नव्हतं. जेवायच्या त्या उभ्यानं.

काय झालं ते सुचित्रानंच सांगितलं. लपवून काय उपयोग?

"वा!" जोतीराम म्हणाले. एपीएमसी मार्केटात त्यांचा भाजीचा गाळा होता आणि आवाज तिथलाच. "मी काय बोल्लो व्हतो? पयल्या दिवशी बोल्लो व्हतो, कापून टाका, मोकले व्हा! पन नाय. मास्तरनीला जास्ती कलतं. आथा पुसल्या रेघा. आथा काय? परत पयल्यापासून?"

"भाऊजी, चूक माझी आहे. मावशींना सांगायला हवं होतं."

"चूक कोनाची ते मरू दे! दोन महिने गेले ना? गाठ काय आपली वाट बघत बसते?" त्यांचा आवाज एकदम फाटला. "आप्पांच्या टायमाला पन असाच. बघू, थांबू, बघू, थांबू. पाय काला पडला तरी आपन बघतच बसलो. मी व्हतो समोर, मधू. तू शाळंत व्हतास."

आप्पा म्हणजे जोतीराम-मधुकरचे वडील. मिठागरात पायाला लागलेलं आप्पांना कसं घेऊन गेलं, ते ह्या घरात कुणी फारसं काढत नसे. सुचित्राला पहिल्यांदाच वाटलं, ह्या माणसाला माझा राग नाहीच आहे. हा घाबरलाय.

"दादा, ऐक ना, टेन्शन घेऊ नकोस," मधुकर म्हणाला. तो नकाशे काढणारा माणूस, घरात ड्रॉइंगची पेनं, फूटपट्ट्या, सगळं. "मी रोज बघतोय त्या रेघा. तोंडपाठ आहेत मला. इथं डाव्या बाजूला कोपरा राहिलाय, त्याच्यावरून बाकीची चौकट काढतो. जांभळी शाई पण आहे. उद्या हॉस्पिटलात कुणाला कळणारसुद्धा नाही. नाहीतर ते ओरडतील, शेक बंद करतील, काय सांगता येतं?"

"काढ बाबा, काढ," मावशी पटकन म्हणाली. "माज्यापायी बंद नको व्हायला." काल रात्री हीच मावशी जोतीरामची बाजू घेऊन शेकाला नावं ठेवत होती, आता शेक चालू राहावा म्हणून देव पाण्यात घालायला निघाली होती.

"काका बरोबर बोलतायत," श्रुती म्हणाली.

खरं सांगायचं तर सुचित्रालाही ते पटलं. तिनं उठून टेबलाचा ड्रॉवर उघडला, पेनांचा डबा काढला. ओरडा नको, प्रश्न नकोत, उद्या सगळं कालच्यासारखं. मोह मोठा असतो हो असल्या वेळी. मोठमोठ्यांना होतो, ती तर दमलेली बाई.

"मध्या," दिवाणावरून आवाज आला. "ती पेना ठेव."

"आये, अगं—"

"ठेव बोल्ले ना." सुंदराबाई कोपरावर उठल्या. "माज्या आयेनं मना धवला शिकवला. एकदा मांडवात मी एक कडी इसरले. कोनाला नाय कललं. मी पुढची घेतली, मनानं जोडून दिली. आये मागं बसलेली. तिनं माजा हात धरला, बोल्ली, थांब. पयल्या देवापासून परत घे. मी बोल्ले, लोकं हसतील. ती बोल्ली, हसू देत. देवाला बोलवलाच नाय तर तो येल कसा? तवापासून इसरले का मी मागं जाते. मनानं नाय जोडत." त्यांनी श्वास घेतला. "ज्यानं रेघा मारल्या त्याच्याकरंच जावाचं. ओरडला तर ओरडला."

सुचित्रानं डबा परत ड्रॉवरमध्ये टाकला. तिचे कान लाल झाले होते.

"आनि जोत्या," बाई पुढं म्हणाल्या, "तू पन ये उद्या. लांबून बोंबलतोस नुसता. येऊन बघ तरी काय करतान तुज्या आयेला."

सोमवारी टॅक्सीत मागं सुंदराबाई आडव्या, डोकं मावशीच्या मांडीवर, पायांशी सुचित्रा अंग चोरून. पुढं जोतीराम. खाडीचा पूल ओलांडून टॅक्सी हॉस्पिटलात शिरली.

मशीनवर जुनैद होता. उरणकडचा, तिशीतला, रोज सुंदराबाईंना 'आजी' म्हणून हाक मारणारा. सुचित्रानं सगळं सांगितलं. त्यानं डोक्याला हात लावला.

"तांदळाच्या पिठानं?"

"हां," मावशी रडवेल्या तोंडानं म्हणाली. "आनि जरा तेल."

"लई भारी! आमच्या शाईला इतकं मनापासून आजवर कोणी घासलं नव्हतं." मग तो गंभीर झाला. "घरी परत काढल्या नाहीत ना? काही जण काढतात. आम्हाला फसवायला."

सुचित्रानं जमिनीकडं बघितलं. "काढणार होतो."

"मग आजी वाचल्या. एक बोटभर सरकली असती ना रेघ, तर गाठ राहिली असती बाजूला आणि शेक बसला असता लघवीच्या पिशवीला. आठच्या आठ दिवस. आणि आम्हाला पत्ता नाही."

 सुचित्रानं सासूबाईंचा हात घट्ट धरला, आणि त्यांनी तिच्या हातावर थोपटलं, जसं काही धीर तिलाच हवा होता.

सगळं नव्यानं झालं. फाईल निघाली, हाडापासून मापं घेतली, एक्सरे काढला, डॉक्टर श्यामसुंदरनी भिंग लावून जुन्या फिल्मशेजारी नवी फिल्म धरून पाहिली, एकदा नाही, तीनदा. चार वाजले. जोतीराम दारातून सगळं बघत होते. भाजीच्या पोत्यात हात घालून माल पारखणारा माणूस तो, काम नीट चाललंय की उरकलं जातंय ते त्यांना न सांगता कळायचं.

"एवढा बारीक मापतात व्हय?" ते सुचित्राला हळूच म्हणाले. "मना वाटलं, असाच दिवा मारतात कुठंतरी."

"रोज मापतात, भाऊजी."

"मना कोनी सांगितला नाय."

सांगितलं होतं, पाच वेळा सांगितलं होतं. पण सुचित्रा शहाणी; ती गप्प राहिली.

शेवटी जुनैद एक बारीक सुई आणि काळी शाई घेऊन आला. "आजी, आता रेघा पुसल्या तरी फिकीर नको. तीन ठिपके गोंदतो. जन्मभर जाणार नाहीत. मावशी, तुम्ही घासून बघा हवं तर."

सुंदराबाईंनी आपला हात पुढं केला. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण, लग्नाच्या आधीचं. "बारा वरसांची व्हते, तवा गोंदवला हा. रडले नाय. आथा साठीत तू गोंद. ह्या पन लगनाचाच धरीन मी. नातीच्या."

त्यांना हसू आलं, आणि मग मावशीला, आणि त्या खोलीत दोघी म्हाताऱ्या एवढ्या हसल्या की बाहेरचे पेशंट डोकावून गेले.

दुसऱ्या दिवसापासून टॅक्सी बंद. जोतीराम सकाळचा लिलाव आटोपून, गाळा गड्यावर सोडून स्वतः टेम्पो घेऊन यायचे. मागं गादी अंथरलेली, तिच्यावर आई आणि मावशी. उरलेल्या सातही शेकांना ते गेले. घरी मावशी दाराशी राखण करायची. पाण्याचा तांब्या घेऊन कोणी जवळ आलं तरी खेकसायची.

पण शेक संपले म्हणून त्रास संपला नाही. उलट वाढला. कातडी सोलवटली, आग आग व्हायची, दिवसाला दहा वेळा जावं लागायचं. सुंदराबाई एकदा सुचित्राच्या कुशीत तोंड खुपसून रडल्या. "बसता येना गो मना. धवलारीन ती, आनि बसता येना." आठ आठवडे थांबायचं होतं, आत काय चाललंय ते कुणालाच माहीत नव्हतं. जोतीरामनी लग्नाची तारीख वैशाखातली धरली, पण धवल्यासाठी दुसऱ्या बाईला विचारलं नाही. शेजाऱ्यांनी सुचवलं तेव्हा म्हणाले, "आमची आये हाय ना." सुचित्रानं ते ऐकलं, आणि स्वैपाकघरात जाऊन नळ सोडून दोन मिनिटं उभी राहिली.

एप्रिलमध्ये तपासणी. डॉक्टरांनी बोटानं तपासलं, दुर्बीण घालून पाहिलं, आतला बारीकसा तुकडा काढून पाठवला. आठ दिवसांनी सगळे परत त्यांच्या टेबलासमोर. सुंदराबाई उभ्या. 

"बोटाला गाठ लागत नाही," श्यामसुंदर म्हणाले. "तिथं पांढरा वण आहे, बस. तुकड्यात कॅन्सर सापडला नाही."

"म्हंजे पिशवी?" जोतीरामनी विचारलं.

"नाही."

"ऑपरेशन?"

"आत्ता नाही. पण ऐका, मी 'संपलं' म्हणत नाही. दर दोन महिन्यांनी यायचं. एकदाही चुकवायचं नाही. परत काही दिसलं तर ऑपरेशन."

"येऊ. दोन महिन्यांनी काय, दोन दिवसांनी बोला," जोतीराम म्हणाले. मग त्यांनी खुर्ची मागं सरकवली, सुचित्राकडं वळले आणि सगळ्यांदेखत हात जोडले. "मास्तरनीबाय, माफी. मी सही केली नाय. दोन महिन्यांनी कागद आला तर पयली सही माजी."

सुचित्राला रडू आवरेना. मधुकर तिला रुमाल द्यायला गेला तर तो स्वतःच रडत होता. आणि त्या खडूस डॉक्टरांनी गालात हसत चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांना हसताना सुचित्रानं तेवढंच पाहिलं.

वैशाखात शिरवण्यात मांडव पडला. हळदीचा दिवस, दुपार कलायला लागलेली. तांदळाचा चौक भरून झाला, मधोमध पाट ठेवला, समोर श्रुती. सगळं गाव लोटलं होतं. काही लग्नाला, काही नुसते सुंदराबाई बसतात का ते बघायला. मावशीनं हॉस्पिटलची हवेची रबरी रिंग फुगवून आणली आणि पाटावर ठेवली.

सुंदराबाई हिरवं लुगडं नेसून आल्या. सहा महिन्यांत निम्म्या झाल्या होत्या. त्यांनी रिंगकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"उचल ती."

"बाय, दुखंल गो."

"उचल."

मावशीनं उचलली.  सुंदराबाईंनी एक हात सुचित्राच्या खांद्यावर टेकला, एक जोतीरामच्या. गुडघे वाकले, मध्ये एकदा थांबल्या, ओठ आवळले, आणि बसल्या. पाटावर, सरळ, मांडी घालून. सुचित्राच्या खांद्यावरचा हात हळूच सुटला.

आणि त्यांनी आवाज लावला. सुरुवातीला जरा घोगरा, मग मोकळा, मग जुना तोच, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. गावदेवीला बोलावलं, खाडीच्या देवाला बोलावलं, आप्पांच्या घरच्या देवांना, साताऱ्याच्या सुनेच्या देवांना. बाया मागून ओळ झेलत होत्या. तास झाला, दीड झाला.

आणि मध्येच आवाज थांबला.

सुचित्रा पुढं सरकली. दुखलं? चक्कर? मावशी रिंग घेऊन धावली. सुंदराबाईंनी हात वर करून तिला थोपवलं. त्यांच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती, नुसती चूक सापडल्याची खंत होती.

"कडी इसरले," त्या म्हणाल्या. "मागं जावा लागंल. पयल्या देवापासून."

पुढच्या विधीसाठी थांबलेला ब्राह्मण घड्याळाकडे बघायला लागला. मंडपवाल्यानं, बँडवाल्यानं जोतीरामकडे पाहिलं. आयुष्यभर 'चला, आटपा, उशीर होतोय' म्हणत आलेला तो माणूस आईच्या समोर जमिनीवर बसला, मांडी ठोकून, डोळे पुसत.

"घे, आये," तो म्हणाला. "पयल्यापासून घे. आमाला कोनाला घाई नाय."

सुंदराबाईंनी पदर सावरला, पाटावर नीट बसल्या, आणि पहिल्या देवाला हाक मारली.